न जन्मलेल्या मुलीची पत्रिका

कॉलेजच्या वेबसाइटवर मुलांचे गुण भरायची ती शेवटची दुपार होती आणि आमच्या कॉम्प्युटरवर एकही वेबसाइट उघडत नव्हती. कॉलेजची नाही, बातम्यांची नाही, हवामानाची नाही. दर वेळी इंग्रजीत एक लांबलचक सूचना यायची. ती मी न वाचताच बंद करायची आणि पुन्हा तेच बटण दाबायची. ब्राउझर काढून नवा घ्यावा म्हटलं, तर नवा उतरवून घ्यायलाही ब्राउझरच लागतो हे ऐन वेळी लक्षात आलं.

नेटवाल्याला बोलावलं. तो गडमुडशिंगीहून आला, नेटचा डबा बंद केला, दहा आकडे मोजून चालू केला आणि स्वतःच्या मोबाईलवर कुस्ती लावून दाखवली.

"नेट हाय की वैनी! पैलवान बघा कसा पळतोय."

कुस्ती निकाली होईपर्यंत तो आणि माझे सासरे, म्हणजे मामा, बघत बसले. जाताना कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाला, "ह्यालाच खूळ लागलंय."

मामा साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हौसेनं पत्रिका काढून देतात. त्यासाठी कॉम्प्युटरवर त्यांचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे.

"तुझं चालत न्हाय तर ऊठ," ते म्हणाले. "माझं झकास चालतंय."

पेठ वडगावचे एक पाहुणे सकाळपासून त्यांच्यासाठी थांबले होते. आठ दिवसांच्या नातीचं नाव कोणत्या अक्षरावरून ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मामांनी जन्मतारीख घातली, वेळ घातली. कॉम्प्युटरनं टुंग केलं.

"काय म्हणतंय?" पाहुण्यांनी विचारलं.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पोरगी अजून जन्मली न्हाय म्हणतंय."

"न्हाय कशी? गावभर पेढं वाटून आलोय की!"

"तारीख बरोबर सांगितलासा न्हवं?"

"आवो, घरात रडत्या ती!"

मी वाकून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख दोन वर्षं मागची होती.

"मामा, ही तारीख कुणी बदलली?"

"मीच, सकाळी. फुकटची मुदत संपली म्हणत हुतं. तारीख मागं नेली, चालू झालं."

इतकं सरळ सांगितल्यावर ओरडायचं तरी कसं? मग मी ती इंग्रजी सूचना पहिल्यांदा वाचली. तुमचं घड्याळ मागे आहे म्हणून वेबसाइट उघडत नाही, असं ते बिचारं यंत्र सकाळपासून सांगत होतं.

तारीख नीट केली. वेबसाइट धडाधड उघडल्या आणि मामांचं सॉफ्टवेअर बंद पडलं. तारीख मागे नेली तर मुलगी जन्मत नव्हती, पुढे आणली तर मुदत संपत होती. मामांनी दोन्ही तीन-तीनदा करून पाहिलं. शेवटी मी त्यांना उठवून गुण भरायला बसले. ते जमिनीवर पंचांग पसरून हातानं गणित करू लागले. तासाभरानं अक्षर निघालं.

"ण."

पाहुण्यांनी ते बोटानं तळहातावर लिहून बघितलं. "णवरनं काय ठेवायचं ओ?"

"पावणं, अक्षर काढायचं काम माझं. नाव तुमी बघा."

पाहुण्यांनी घरी सुनेला फोन लावला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मामंजी, अजून तिथंच हायसा व्हय? नाव कवाच ठरलं. दाखल्याचा अर्ज बी भरला, मोबाईलवरनं."

पाहुण्यांनी फोन खिशात टाकला.

"काय ठेवलं मग?" मामांनी विचारलं.

"आयला," पाहुणे म्हणाले, "ते इचारायचं ऱ्हायलं की."