बटण दाबल्यावर पडणारा कापूस

वेबसाइटवरची बटणं, याद्या, खिडक्या हलवायच्या, हा माझा धंदा. यवतमाळात हे सांगितलं की लोक विचारायचे, हलवून काय होते? प्रश्न चुकीचा नव्हता. बाबा कचेरीत, काका कचेरीत, आमच्या घराण्यात सगळ्यांची कामं खुर्चीवर बसून व्हायची. मीही खुर्चीच धरली, फक्त पुढ्यात फायलीऐवजी कॉम्प्युटर आला. आई मात्र शेतकऱ्याची लेक. तिचे भाऊ, माझे मामा, केळापूरच्या बाजूला एका खेड्यात कापूस आणि तूर पेरायचे.

हलवण्याबद्दल माझं एक मत होतं आणि मी ते कोणी न विचारता सांगायची. जे हलतं त्यानं काहीतरी सांगावं, नाहीतर गप बसावं. बटण दाबलं की ते किंचित आत जावं, म्हणजे आपला हात पोचल्याचं कळतं. यादी जिथून निघाली तिथूनच उलगडावी, म्हणजे मिटायची कुठं तेही कळतं. निघताना हळू, मधे वेग, थांबताना पुन्हा हळू. चांगला एसटी ड्रायव्हर थांब्यावर गाडी लावतो आणि उभ्या म्हातारीचा तोल जात नाही, तसं. आमचा मालक आधी झेरॉक्सचं दुकान चालवायचा. तो हे सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ते ठीक आहे, पण गिऱ्हाइकाला चमकतं पाहिजे.

ती बोंडअळीची वर्षं होती. अर्धा कापूस अळीनं खाल्ला, उरल्याला भाव नव्हता. जिल्ह्यात पाहुणे मात्र भारी पिकले होते. कोणी अभ्यासाला यायचं, कोणी हळहळायला, आणि प्रत्येक जण जाताना कशाचं तरी उद्घाटन करून जायचा. असंच कोणीतरी ठरवलं की सरकारी केंद्रावर कापूस द्यायचा तर शेतकऱ्यानं आधी ऑनलाइन नोंदणी करावी. ते काम कसं कोण जाणे आमच्या मालकाला मिळालं, आणि मालकानं ते माझ्या अंगावर टाकलं.

मामांकडे तेव्हा काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाव चढेल या आशेनं त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. माजघर आढ्यापर्यंत भरलेलं, देवसुद्धा ओसरीवर आणून ठेवलेले. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला सुटली त्यालाच ती माहीत. मामींच्या हातांवर, मानेवर लाल चट्टे उठले होते. रात्रभर खाजवून खाजवून कातडी सोलून निघायची. डॉक्टर म्हणाले, मलम देतो, पण आधी घरातून कापूस काढा. मामींचं एकच म्हणणं होतं, भाव गेला खड्ड्यात, मले माह्या घरात झोपू द्या. मामांचं म्हणणं होतं, वर्षभर राबलो, तर सरकारी भावानंच देईन. दोघंही खरं बोलत होते. म्हणजे ती नोंदणी लवकर सुरू होणं आणि मामांचा कापूस केंद्रावर जाणं, यावर मामींची झोप अडकली होती.

आणि इकडे साहेब. आमच्या कामावर देखरेख करायला नेमलेले हे साहेब बाहेरून बदलून आलेले, बोलायला गोड, आणि 'स्मूथ' या शब्दावर त्यांचा भारी जीव. पहिल्याच बैठकीत म्हणाले, पान उघडलं की मान्यवरांचा फोटो ढगातून उतरल्यासारखा यावा. नोंदणीचं बटण धडधडत राहावं, काळजासारखं. पान उघडायला वेळ लागला तर मधल्या काळात बैलजोडी चालावी. मी म्हटलं, साहेब, खेड्यात नेट असं आहे की ती बैलजोडी पुसदला पोचेल तरी पान उघडणार नाही. मालकानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेब हसले आणि बैलजोडी राहिली.

खरी जुंपली ती शेवटच्या पानावर. नोंदणी झाली की काय दाखवायचं? मी एक हिरवी बरोबरची खूण केली होती, आणि शेजारी लगेच अक्षरं: आपली नोंदणी झाली. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, यात भावना नाही. त्यांना सुचलं ते असं: खाली एक रिकामी गाडी, वरून कापसाचा एक पुंजका अलगद तरंगत येतो आणि गाडीत पडतो. शेतकऱ्याच्या पदरात यश पडलं. अक्षरं त्यानंतर, एकेक करून, सावकाश. मी भांडले. म्हटलं, माणूस तिथं जीव मुठीत धरून उभा असतो, त्याला आधी झालं की नाही ते सांगा, मग हवं तर कापूस उधळा. साहेब म्हणाले, तुम्ही तांत्रिक माणसं. आता यावर काय बोलणार, कपाळ.

केला मग तो कापूस. आणि खोटं कशाला बोलू, झाला देखणा. निघताना रेंगाळायचा, मधे वाऱ्यावर जरा डोलायचा, गाडीला टेकताना श्वास सोडल्यासारखा बसायचा. मालक दहा जणांना बोलावून दाखवायचा. पाहणारे सगळे आमच्यासारखेच, आयुष्यात कधी कापसाची गाडी घेऊन रांगेत न लागलेले. सगळे म्हणाले, वा.

उद्घाटनाला साहेबांना एक खराखुरा शेतकरी हवा होता, भरलेल्या गाडीसकट. त्यानं मंचावर येऊन बटण दाबायचं, आणि त्या बदल्यात त्याची गाडी रांग सोडून सगळ्यात आधी मोजली जाईल. मी लगेच मामांचं नाव पुढं केलं. आपल्या माणसाचं काम आधी करून घेण्यात मला काही वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मामांनी मेटॅडोर सांगितली, माजघर उपसून कापूस भरला. मामींनी निघताना बजावलं म्हणे, परत आणाल तं गाडीतच झोपा.

बाजार समितीच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. हार झाले, नारळ झाला, दिवा पंख्यानं दोनदा विझला. मी एका कोपऱ्यात कॉम्प्युटर धरून बसलेली. मामा धुतलेलं धोतर नेसून मंचावर आले आणि आधी वाकून माझ्या पाया पडले, कारण आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मान्यवरांना वाटलं हा कॉम्प्युटरच्या पाया पडतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मामांनी बटण दाबलं. बैलजोडी चालली, चालली, चालली. शेवटी कापूस निघाला. डोलत डोलत खाली आला आणि गाडीत पडला.

मामांनी पडद्याला हात जोडले, मान्यवरांना हात जोडले, आणि मागच्या पायऱ्यांनी खाली उतरून निघून गेले. इकडे पडद्यावर 'आपली' हा शब्द नुकता पुरा होत होता. साहेब माईकवर म्हणाले, बळीराजा भारावून गेला. पुन्हा टाळ्या. मला वाटलं मामा गाडी काट्यावर लावायला गेले असतील. भाषणं, आभार, पेढे सगळं उरकेस्तोवर मला जागचं हलता येईना.

बाहेर आले तर मेटॅडोर नाही. काट्यावरच्या माणसानं सांगितलं, इथं कोणी आलंच नाही. मामांचा फोन लागेना. पहिल्या रांगेत बसलेले एक म्हातारे शेतकरी बिडी ओढत उभे होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, गेले न ते घरी, नापास झाला न त्यांचा माल. मी विचारलं, कोणी केला नापास? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही पोरगी कोणत्या देशाची. मग समजावून सांगितलं. केंद्रावर कापूस पाहणारा माणूस गाडीतून मूठभर कापूस उचलतो, बोटांत ताणून पाहतो. पसंत पडला तर मूठ तशीच धरून वानगी म्हणून आत नेतो. नापसंत असला तर तोंडानं काही बोलत नाही, मूठ उघडतो आणि कापूस परत गाडीत पडू देतो. गाडी काढ, मागच्याला येऊ दे. पिढ्यान् पिढ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कापूसवाल्याला हे माहीत. म्हातारे म्हणाले, आम्ही बी म्हटलं, सरकार आता सिनेमा दाखवून नापास करून राह्यलं, बरं हाय, ऊन तं नाही लागत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांवर, मालकावर, त्या तरंगणाऱ्या पुंजक्यावर. स्कूटी काढली आणि मामांच्या गावाच्या वाटेला लागले. वाटेत साहेबांचा फोन आला, रस्त्याच्या कडेला थांबून घेतला. म्हणाले, मॅडम, किती स्मूथ झालं सगळं. शेतकरीसुद्धा एक शब्द न बोलता, एक तक्रार न करता गेला. त्यांना म्हातारबुवांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, पण आता मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झालंय, बदलता नाही येणार. मी फोन ठेवला.

पोचले तेव्हा दिवस कलला होता. माजघर रिकामं. मामी जमीन धुऊन काढत होत्या, देव परत आत गेले होते. मला पाहून हसल्या, चहा ठेवते म्हणाल्या. मामांनी परतताना वाटेतच एका व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घालून टाकला होता, तो देईल त्या भावानं. परत घरी आणायची सोय नव्हती.

मामा ओसरीवर पाय धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते नापास नव्हतं, नोंदणी झाली होती, अक्षरं मागून येणार होती, गाडी सगळ्यात आधी मोजणार होते. सांगता सांगता मला रडू आलं. मामांनी ऐकून घेतलं, लोटा खाली ठेवला. मी विचारलं, मामा, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी मुकाट्यानं गाडी परत आणली नाही, आज एका शब्दानं काहून नाही विचारलं?

"माणसानं टाकला असता तं हात धरला असता माय त्याचा," मामा म्हणाले. "भांडलो असतो, दुसऱ्यांदा पाहाले लावला असता. या आधी गंजदा लावला हाय. त्या पडद्याले हातच नाही, मी धरू काय?"