भोकाचं दुसरं तोंड

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धुऱ्यातली, शेताच्या मातीच्या बांधातली, भोकं धुंडणं. वरच्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी रात्रीतून उतरत होतं. खेकडे धुरा पोखरतात. काही भोकं एकाच तोंडाची असतात, आत जाऊन बंद. त्यांचा त्रास नाही. दुसरं तोंड खालच्या बांधीत निघालं, की धानाचं पाणी गेलं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून बायको वर बसून भोकाशी मूठभर कोंडा सोडायची आणि कोंडा निघतो का, ते मी खाली उभा राहून पाहायचो. सारी जिंदगी असंच केलं.

त्या कामाच्या आदल्या दिवशी पोरगी आली होती. ती चंद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते. जेवताना आईला आकाशातल्या भोकांचं सांगत बसली. मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, त्याचं कृष्णविवर होतं. त्यात गेलेलं परत येत नाही, उजेडसुद्धा नाही. दुरून पाहणाऱ्याला मात्र आत पडणारा काठापाशीच थबकलेला दिसतो, मग अंधूक होत जातो. अन् दुसरं म्हणे वर्महोल. त्याला दोन तोंडं. इकडून शिरायचं, तिकडं कुठंतरी लांब निघायचं.

“म्हणजे आपल्या धुऱ्यासारखंच,” बायको म्हणाली. “मंग तिकडून निघालेलं कोणी पाह्यलं काय?”

“नाही आई. कृष्णविवरं खरी आहेत, त्यांच्याभोवती तारे फिरताना दिसतात. वर्महोल अजून फक्त गणितात आहे. कोणाला सापडलं नाही.”

“मंग काऊन सांगून राह्यली? कागदावर तं तुह्या बाबाचं धानही लय पिकते.”

पोरगी हसली. मी नाही हसलो.

सकाळी पहिल्या भोकात सोडलेला कोंडा काही निघाला नाही. “हे पोरीचं कृष्णविवर,” म्हणत ती पुढच्या भोकाशी सरकली. “नीट पाहा बरं. झोपू नका उभ्या-उभ्या.”

मी वाकलो. वरून आवाज आला, “निघाला काय?”

“थांब ना. इतकी काऊन घाई तुले?”

मग काहीच आवाज नाही. वर चढलो, तर ती धुऱ्यावर कलंडलेली, कोंड्याची टोपली पाण्यात. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेताना रस्त्यावर जीपमध्येच गेली.

दिवस बुडायच्या आत जाळून आलो. पोरगी जवळ येऊन बसली. म्हणाली, “बाबा, कोणाला माहीत, आई दुसरीकडे कुठं निघालीही असेल. वर्महोलसारखी.”

माझं डोकं सटकलं. “काल तुह्या आईनं विचारलं तवा म्हणे कोणाले सापडलं नाई. आज सापडलं काय? ती जित्ती होती तं खरं सांगतलं, अन् मेली तं खोटं? मले काय वर्गातलं पोट्टं समजली?”

ती रडली. मी समजूत काढली नाही. आलेल्या लोकांचंही तेच. कोणी म्हणे देवाघरी गेली, कोणी म्हणे पुढच्या जन्मी भेटेल. साऱ्यांना दुसऱ्या तोंडाचा पत्ता ठाऊक. ती कुठं आहे, एवढंच मला खरं खरं पाहिजे होतं, आणि त्याचं उत्तर पोरीनं जेवतानाच देऊन टाकलं होतं. मला ती दिसत होती ती फक्त धुऱ्याच्या काठावर, टोपली घेऊन बसलेली. तेही अंधूक होणार, हेही पोरीनंच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी अडवत होती, सुतकात शेतात जाऊ नये म्हणून. मी कोंडा घेऊन निघालो. पाणी आणखी उतरलं होतं. तिनं शेवटचा कोंडा सोडला होता त्याच भोकाशी बसून मूठ सोडली. कोंडा गरगरत आत गेला. गुडघे धरत धुरा उतरलो, तोवर खालचं पाणी साफ. निघाला की वाहून गेला, कळेना. एकट्याचं कामच नाही हे. पुन्हा वर, पुन्हा मूठ, या खेपेला मोठी, पुन्हा खाली. गवताच्या बुडातून कोंडा निघत होता.

“निघाला,” मी मोठ्यानं म्हटलं. तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मग वर जाऊन धानाचं तणीस आणि चिखलाचा गोळा भोकात कोंबला, टाचेनं दाबला, अन् पाणी थांबलं का ते पाहायला पुन्हा खाली उतरलो.