पडद्यामागची मराठी

लग्नानंतर वर्षभरात आम्ही मद्रासला आलो. गिंडीला तेव्हा नुकते छोटे छोटे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात यजमानांना नोकरी लागली होती. घर मिळालं सैदापेटेत, नदीच्या अलीकडे. शेजारी एक शाळेतल्या बाई राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. त्यांची मराठी ऐकताना मला आधी वाटायचं, या तमिळ बोलताहेत. मग एकेक शब्द ओळखीचा निघायचा.

महाराष्ट्र सोडून आलेल्या मंडळींचं एक मंडळ होतं आणि त्याचा एक वार्षिक अंक निघे. संपादक बँकेत अधिकारी होते. मी कॉलेजात असताना थोडंफार लिहिलं होतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं. "शहरातल्या कलावंतांशी बोला आणि लिहा," ते म्हणाले. मी हो म्हटलं, कारण घरात बसून कंटाळले होते आणि कलावंत नावाचा माणूस जवळून कधी पाहिला नव्हता.

पहिल्या भेटल्या त्या एक वीणावादक बाई. मी जे विचारीन त्याचं उत्तर त्या वीणेवर वाजवून देत. "तुम्ही कधी शिकलात?" एक आलाप. "गुरू कसे होते?" दुसरा आलाप. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "आता हे लिहिणार कसं?" मलाही तोच प्रश्न पडला होता. दुसरे चित्रकार. ते बोलले भरपूर, पण सगळं पॅरिसबद्दल, आणि ते पॅरिसला गेलेले नव्हते.

शेजारच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "नदीकाठच्या मैदानात बाहुल्यांचा खेळ आलाय. चामड्याच्या बाहुल्या. तो बघा तरी. सरि, चला, मीच येते."

आम्ही दोघी गेलो. पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्यावर रंगीत सावल्या. राजा, राणी, राक्षस, आणि एक शेंडीवाला विदूषक, जो येईल त्याच्या पायात पाय घालून पडायचा. सगळं तमिळमध्ये. मला चौथा हिस्सा कळत होता. राक्षस गर्जना करत असताना अचानक सावली हलली आणि पडद्यामागून बाईचा दबका आवाज आला, "दिवा धर नीट. सावली नाचते आहे."

मी शेजारणीचा हात धरला. "मराठीत बोलली ती."

"होय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते लोक घरात तेच बोलतात. सांगितलं नव्हतं का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या राहुटीशी गेलो. म्हातारे सूत्रधार उन्हात बसले होते. सगळ्या पुरुषांचे आवाज ते एकटे काढत. बायकांचे आवाज त्यांची सून काढी, आणि बाहुल्या रंगवायचं कामही तिचंच. तिच्यासमोर बकरीचं कातडं ताणून बसवलेलं होतं. ते इतकं पातळ होतं, की त्यातून तिची बोटं दिसत होती.

मी मराठीत नमस्कार केला. म्हाताऱ्यांनी आधी शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोठल्या तुम्ही?"

"पुण्याकडची."

"आमचे वाडवडील तंजावरच्या राजांच्या मागून इकडे आले म्हणतात. कोठून निघाले, ते कुणी सांगितलं नाही." मग ते म्हणाले, "आमच्या नात्यागोत्याबाहेर ही भाषा बोलणारं माणूस मी फार पाहिलेलं नाही. तुमची थोडी वेगळी आहे. पुस्तक वाचल्यासारखी."

मी सुनेला विचारलं, "काल राणी हिरवी होती. तिला हिरवाच रंग का?" मनात मी एखाद्या परंपरेची वाट पाहत होते.

"लाल संपला होता," ती म्हणाली. "मग लोकांना तीच आवडली. आता बदलता येत नाही."

मला ती तिथेच आवडली. मी तिला खूप विचारलं आणि तिनेही मला विचारलं. पुण्यात नदी आहे का, तिथल्या बायका डोक्यात फुलं माळतात का, चिंच मिळते का. मग म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडे खेळात देव कोणत्या भाषेत बोलतात?"

"मराठीत."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मग तुम्ही घरात काय बोलता?"

"मराठीच."

देवांची आणि माणसांची भाषा एकच असू शकते, हे त्यांना पटत नव्हतं. आणि ती वेगळी असू शकते, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

हे सारं मी संपादकांना सांगितलं. ते एकदम उत्साहात आले. मंडळाच्या कार्यक्रमात हा खेळ करू या, मात्र पूर्ण मराठीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. निरोप घेऊन मीच गेले.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "आमच्या राजाला मराठी येत नाही."

"करून तर पाहा," मी म्हटलं.

त्यांनी राजाची बाहुली हातात घेतली, घसा साफ केला आणि थांबले. मग राजाच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "आज सांबारात मीठ का नाही?" सून तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. म्हातारेही हसले, पण त्यांनी बाहुली अलगद खाली ठेवली. "बघितलं ना? मराठीत बोलला की तो राजा राहत नाही. माझ्यासारखा होतो."

तोडगा सुनेने काढला. "राजा तमिळ बोलू दे. विदूषक आणि दासी मराठीत बोलतील. ते घरातलेच आहेत. विदूषकाचा आवाज मी काढते."

म्हाताऱ्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

खेळ एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. पुढच्या खुर्च्यांवर आमची मंडळी, मागच्या बाकांवर तंजावरची मराठी कुटुंबं. विदूषक पडद्यावर येऊन धडपडला आणि पहिलं मराठी वाक्य बोलला तेव्हा पुढे शांतता होती. हसू मागून आलं. मग मागचं हसू थांबेचना. पडद्याआड सुनेला ते ऐकू गेलं असणार, कारण तिने ठरलेलं सोडून दिलं आणि ती सुटलीच. विदूषकाने राजाच्या स्वयंपाक्याला, घोड्याला, मुकुटाला, सगळ्यांना नावं ठेवली. राजा बिचारा हात वर करून तसाच उभा. शेवटी तो तमिळमध्ये म्हणाला, "तुझं झालं का?"

"तुमचं सुरू तरी कुठे झालं होतं?" विदूषक मराठीत म्हणाला. तेव्हा मात्र पुढच्या खुर्च्याही हसल्या.

कार्यक्रम संपल्यावर संपादक म्हणाले, "मजा आली, पण ही मराठी म्हणायची का?" तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी बाई काठी टेकत सुनेजवळ गेली. "मघाशी वाईटाला 'वोखटं' म्हणालीस ना? पुन्हा म्हण बरं. माझी आजी म्हणायची." सुनेने म्हणून दाखवलं. म्हातारी तिथेच बसली आणि तिने आणखी शब्द विचारले. संपादक जवळ उभे राहून ऐकत होते. हा शब्द आपण कॉलेजात जुन्या कवितेत वाचला होता, असं ते मला हळूच म्हणाले. अंकात त्यांनी माझा लेख छापला आणि सुनेची वाक्यं तिने बोलली तशीच राहू दिली.

पुढे ते कुटुंब दक्षिणेकडे गेलं. वर्षभराने त्याच मैदानात पुन्हा पडदा लागला तेव्हा आम्ही दोघी गेलो. समोर सगळे तमिळ प्रेक्षक. विदूषक तमिळ बोलत होता, पण राग आला की मराठीवर जायचा. एकाही प्रेक्षकाला शब्द कळत नव्हता आणि सगळे पोट धरून हसत होते.

"आता त्याला सवयच लागली," म्हातारे नंतर म्हणाले. तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

सुनेने आम्हाला चटईवर बसवलं आणि कॉफी आणून दिली. मग माझ्याजवळ सरकून म्हणाली, "माझे शब्द संपत आलेत. तुमच्याकडे रागावताना बायका काय म्हणतात ते सांगा ना. घरातलं, वाईट नको."

मी 'मेल्या'पासून सुरुवात केली. शेजारच्या बाई आधी संकोचल्या. शाळेत शिकवणाऱ्या होत्या त्या. पण चौथ्या-पाचव्या शब्दाला त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी तंजावरचा एक असा सांगितला, की सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "हळू सांगा. एकेक अक्षर सांगा."