किर्स्टनच्या पुढे चालणारी गाय

मी छत्तीस वर्षे शाळेत गणित आणि भूगोल शिकवला. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचताना पेन्सिल हातात असते आणि शंका आली की समासात फुली मारतो. भूत, चकवा, अंगात येणे... यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास बसला नाही आणि आजही नाही. तरीही एक घटना अशी आहे की तिच्या समासात मला फुली मारता आलेली नाही. ती जशी घडली तशी, क्रमाने सांगतो.

लातूर हा वेगळा जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमचे गाव उदगीर तालुक्यात, उदगीर स्टेशनापासून नऊ किलोमीटर आत. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. गावाचा तलाव फुटक्या मडक्याच्या बुडासारखा दिसत होता आणि टँकर दिवसाआड येत होता. माझा धाकटा भाऊ शिवराज आमची चार जनावरे घेऊन चाऱ्यासाठी किनवटच्या जंगलाकडे गेला होता. तिथल्या एका वसतिगृहाच्या आवारात त्याने गोठा घातला होता. त्या चार जनावरांत आमची गवरा होती. देवणी जातीची, वानेरी, म्हणजे अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. डाव्या शिंगाचे टोक मोडलेले आणि उजव्या कानाला चीर.

अशा वर्षी परदेशातली मुलगी घरी ठेवून घ्यायला कोण तयार होईल? मी झालो. विद्यार्थी-अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेला इंग्रजी बोलणारे शिक्षकाचे घर हवे होते आणि मला डेन्मार्कविषयी पुस्तकाबाहेरचे काही ऐकायचे होते. सतरा वर्षांची किर्स्टन आमच्याकडे दहा महिने राहणार होती. माझी विधवा आत्या, जी घर चालवत असे, तिने एकच प्रश्न विचारला, "पोरगी मटण खाती का?" मी म्हणालो, विचारले आहे, लिंगायताच्या घरात जे शिजेल ते खाईन असे तिने लिहिले आहे. "मग येऊ दे," आत्या म्हणाली. "दोन घागरीत आपण दोघं, आता तिघं."

या प्रकरणात दोन चुका झाल्या आणि त्या दोन्ही माझ्या. ज्या चुकांसाठी मी मुलांना बाकावर उभे करत असे, नेमक्या त्याच.

पहिली चूक: संस्थेच्या अर्जावर पत्ता लिहिताना जन्मभराच्या सवयीने मी 'जि. उस्मानाबाद' असे लिहिले. जिल्हा बदलला होता, हात बदलला नव्हता. दुसरी चूक: तिला पाठवलेल्या पत्रात मी परिसराचा नकाशा काढून दिला. प्रमाण दिले, उत्तर दिशा दाखवली, रूळ, स्टेशने, पाऊलवाटा दाखवल्या, आणि भूगोलाच्या शिस्तीप्रमाणे तलाव व दोन ओढे निळ्या शाईने रंगवले. त्या वर्षी त्यांत थेंबभर पाणी नव्हते, हे लिहायला मी विसरलो.

ठरल्या दिवशी सकाळी मी झेंडूचा हार घेऊन उदगीर स्टेशनावर उभा राहिलो. हैदराबादकडून येणारी गाडी आली, थांबली, गेली. किर्स्टन उतरली नाही. मी दुसऱ्या गाडीचीही वाट पाहिली, संस्थेच्या माणसाला तार केली आणि दुपारी गावी परतलो, या आशेने की ती कोणाच्या जीपने परस्पर पोचली असेल. ती पोचली नव्हती. ऊन असे होते की पत्र्याला हात लावता येत नव्हता.

"कुठं ठेवलास तिला?" आत्याने दारातच विचारले.

"गाडीत नव्हती."

"नव्हती म्हंजे? लेकरू हाय का पार्सल हाय ते?"

परक्या देशातल्या आईबापांनी मुलगी माझ्या सहीवर पाठवली होती. पाणी न मिळता या उन्हात माणूस किती तास तग धरतो, हे मी नववीच्या वर्गाला शिकवत असे. तो धडा त्या दुपारी मला नको असताना आठवत होता. आम्ही सात जण सायकली काढून निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वेशीकडून गलका ऐकू आला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

रस्त्याच्या मधोमध किनवटला गेलेली आमची गवरा येत होती. तिच्या मागे दहा-बारा पावलांवर, पाठीवर पिशवी आणि तोंड टोमॅटोसारखे लाल झालेली एक उंच मुलगी. तिच्यामागे दुष्काळी कामावर खडी फोडणारी पंचवीसेक माणसे. गोरी बाई म्हणजे वरून तपासणीला आलेली साहेबीण, अशी त्यांची खात्री झालेली होती. "बाई, टँकर रोज पाठवा म्हणावं," एक जण सांगत होता. दुसरा म्हणाला, "आन् मुकादमाला बदला म्हणावं." मुकादम त्याच्या शेजारीच चालत होता. तो म्हणाला, "हाव बाई, बदला. मला बी घरी जायचंय."

गवराने कोणाकडे पाहिले नाही. ती आमच्या दारापर्यंत आली आणि दाराला लावलेले गोणपाट डाव्या मोडक्या शिंगाने बाजूला सारून आत शिरली. गोणपाट असे सारणारी दुसरी गाय मी आजवर पाहिलेली नाही.

"आली माझी बाय," असे म्हणत आत्याने त्या दिवसाच्या पाण्यातली एक पूर्ण बादली तिच्यापुढे ठेवली. बादली रिकामी झाली. हे मी स्वतः पाहिले.

किर्स्टन ओट्यावर बसली. आत्याने गूळ दिला, तांब्या दिला आणि न विचारता तिचे पाय धुवायला ताटात घेतले. तेव्हा लक्षात आले की तिचे कापडी बूट घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. ओला चिखल! पाच कोसांत कुठे ओल नव्हती.

तिने सांगितलेला वृत्तांत असा. गाडीतल्या एका सज्जनाने तिच्याजवळच्या माझ्या अर्जावरचा पत्ता वाचून तिला समजावले, की उस्मानाबाद जिल्ह्यासाठी बरेच पुढे उतरावे लागते, उदगीर तुझे नव्हे. गाडी उदगीरहून सुटल्यावर तिने माझा नकाशा उघडला, चूक ओळखली आणि पुढच्या छोट्या स्टेशनावर उतरली. नकाशाप्रमाणे तिथूनही आमचे गाव नऊच किलोमीटर. ती चालू लागली. खूण म्हणून निळा तलाव शोधत राहिली आणि तो शोधता शोधता त्याच्या कोरड्या तळातूनच दोनदा चालत गेली. तिची बाटली संपली. एका बाभळीखाली बसली असताना समोर ही गाय येऊन उभी राहिली.

"मग तू तिच्या मागे का गेलीस?" मी इंग्रजीत विचारले.

ती म्हणाली, "आमच्या घरी चाळीस गाई आहेत. एकटी गाय दुपारी उगीच चालत नाही. ती पाण्याकडे जाते किंवा घरी जाते. मला दोन्ही हवे होते."

गाय प्रथम एका ओढ्याच्या वळणावर थांबली होती आणि तिथली वाळू खुराने उकरत राहिली होती. किर्स्टनने हातांनी उकरले. चिखल लागला, मग ओंजळभर पाणी लागले. रुमालातून गाळून ती ते प्यायली. त्यामुळेच ती जिवंत पोचली, याविषयी मला शंका नाही.

मी हे आत्याला मराठीत सांगत होतो. सगळे गाव अंगणात जमले होते. आत्या कडब्याची पेंढी आणायला परसात गेली आणि परत येऊन म्हणाली, "गवरा कुठंय?" गाय अंगणात नव्हती. इतक्या माणसांतून ती कधी बाहेर पडली, हे एकानेही पाहिले नव्हते. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधली. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किर्स्टन आम्हाला त्या वळणावर घेऊन गेली. तिच्या बुटांचे ठसे होते आणि शेजारी खुरांचेही होते. मी पट्टीने मापे घेतली. तिथे आम्ही खणायला सुरुवात केली. दीड पुरुष खोलीवर पाणी लागले... गोडे पाणी. खड्ड्यात उतरलेल्या मुकादमाने पहिली बादली वर दिली ती किर्स्टनच्या हातात. त्या झिऱ्यावर गावाने पावसाळ्यापर्यंतचे दिवस काढले. टँकर आला नाही तरी कोणी रस्त्याकडे पाहत बसले नाही.

त्याच दिवशी मी शिवराजला रागाने पत्र टाकले: गवरा दोनशे किलोमीटर चालून घरी आली आणि पुन्हा कुठे गेली ते कळत नाही, तुझे लक्ष कुठे होते? सोळाव्या दिवशी त्याचे उत्तर आले. "दादा, गवरा माझ्यापुढे रवंथ करायली हाय. तुम्ही लिहिलेल्या दिवशीच दुपारी ती व्याली. कालवड झाली. दावं सोडलंच न्हाई तिचं."

भावाच्या शब्दावर निष्कर्ष काढणे मला योग्य वाटले नाही. सुट्टी लागताच मी किनवटला गेलो. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पोरांच्या जेवणाची वही दाखवली. त्या तारखेपुढे त्यांच्या अक्षरात लिहिले होते: 'दुपारी पाहुण्यांची गाय व्याली. उद्या मुलांना खरवस.' मी गवराचा कान पाहिला, शिंग पाहिले. खुराचे माप घेतले. ते जुळले.

तशीच दिसणारी दुसरी गाय असेल, हा खुलासा मीही तपासला. आसपासच्या अकरा गावांत विचारले. मोडक्या डाव्या शिंगाची, चिरलेल्या कानाची वानेरी कोणाचीही नव्हती. उन्हाचा भास म्हणावा, तर तो पंचवीस माणसांना एकदम झाला आणि त्याने एक बादली पाणीही प्यायले, असे मानावे लागते.

पोळ्याच्या आधी शिवराज जनावरे घेऊन परतला. वेशीपासून घरापर्यंत हलगी वाजली. गवराच्या गळ्यात हार, कालवडीच्या गळ्यात हार, आणि खडी फोडणाऱ्या मंडळींच्या आग्रहाने किर्स्टनच्याही गळ्यात हार. तोवर ती आमच्या बोलीत भांडू लागली होती. "हार लई जड हाय," ती म्हणाली आणि तिने तो काढून मुकादमाला घातला. त्या दिवशी आमच्या गावात जेवढे लोक हसले, तेवढे मागच्या दोन वर्षांत मिळून हसले नसतील.

संध्याकाळी आत्या गवराच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो.

"आत्या, त्या दिवशी पोरीला घेऊन आली ती कोणती गाय होती?"

"गवरा."

"आणि किनवटला व्याली ती?"

"ती बी गवराच."

"एक गाय एकाच वेळी दोन ठिकाणी कशी असेल?"

"ते मला काय इचारतूस, मन्मथ? साळंत तू शिकवतूस. पोरगी घरी आली, मला तेवढं पुरं हाय. बाकीचं तू बघ."

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. अजून बघतोच आहे.