सात्यांचं पहिलं ताट

सात्या ओळखायच्या तर आधी जागा बघायची, हे मला सासूबाईंनी शिकवलं. मी पिपरी मेघेत वाढले. मशरूम म्हणजे दुकानातल्या फ्रीजमधलं प्लॅस्टिकचं पाकीट, एवढीच माझी ओळख. हिंगणीला सून होऊन आले तेव्हा पावसाळ्यात वारुळावर उगवलेल्या या रानमशरूमच्या छत्र्या, म्हणजे सात्या, घरात कौतुकाने शिजतात हे पाहून मी घाबरलेच होते. सासूबाईंना माझ्या भित्रेपणाचं भारी हसू यायचं.

उकिरड्यावरची नको, सडक्या लाकडावरची नको. वारुळाच्या अंगावरचीच हवी. टोपीच्या मधोमध टोक हवं. दांड्याला कडं नको, बुडाशी गड्डा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ. सातीचं मूळ वारुळात खोल गेलेलं असतं, हळूहळू ओढलं की लांबच लांब निघतं. मूळ दिसलं नाही तर ती टोपलीत टाकायची नाही.

शिवाय घरचे दोन कायदे. वारूळ कुठे आहे ते सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही. आणि ज्याने सात्या तोडल्या त्याने पहिलं ताट खायचं, बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं. काही छत्र्यांचं विष दुसऱ्या दिवशीही चढतं हे मी मोबाइलवर वाचलं होतं, पण सासूबाईंपुढे मोबाइलची काय किंमत!

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी आपलं वारूळ मला दाखवलं. थोरल्या जाऊबाईंना नाही, मला. मी मनातून जाम फुगले होते. घरी कुणी सात्यांचं नाव काढलं की आपण किती जाणकार, अशा थाटात मान हलवायचे.

यंदा श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी मी एकटीच शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेले. वारूळ पांढरं झालेलं. निम्म्या सात्या नीट मुळासकट काढल्या, तेवढ्यात पलीकडून शेजारची बाई शेळ्या घेऊन येताना दिसली. वारूळ उघडं पडणार म्हणून माझी धांदल उडाली. हाताला येईल ते ओढलं. वारुळाच्या कडेला, गवतात एक जराशी वेगळी उभी होती. तीही ओढली. ती बुडापासून तुटली. मूळ मातीत राहिलं की मुळातच नव्हतं, ते बघायला मी थांबले नाही. टोपलीवर पदर टाकून, शेण वेचायला आल्यासारखा चेहरा करून घरी आले.

सासूबाई परात घेऊन बसल्या. एकेक छत्री बोटांनी चाचपायची, माती पुसायची, हाताने फाडायची. मी भगरीला पाणी ठेवत होते.

"साऱ्याइच्या मुळ्या पाह्यल्या ना वं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

इतकं पटकन निघून गेलं तोंडातून. आता वाटतं, जीभ जरा अडखळली असती तरी बरं झालं असतं.

भाजी त्यांनीच केली. आमच्याकडे सात्या मांसाहारात नाही, भाजीतच धरतात, म्हणून श्रावणी सोमवार आडवा येत नाही. मग माझ्या लक्षात आलं की पहिलं ताट माझं, आणि मला तर उपास!

"तुले उपास हाय," त्या म्हणाल्या, "मी खाईन पह्यलं. पोट्टे अर्ध्या शाळेतून येतीन आता, त्याइले संध्याकाळी देऊ." मधुमेहाच्या गोळ्यांमुळे त्यांचे उपास डॉक्टरांनी बंद केलेले.

मी ताट वाढलं. ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भाकरी मोडली आणि सावकाश, चवीने सगळं संपवलं. एक घास खाली पडला तो उचलूनही खाल्ला.

ती दुपार माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. त्या आडव्या झाल्या की मी श्वास बघायचे. मागच्या अंगणात गेल्या की मी दारामागे कान लावून उभी. पोरं शाळेतून आली, भाजी मागू लागली, त्यांच्यावर उगाचच ओरडले. नवऱ्याला त्याच्या सेलूच्या दुकानात फोन लावला आणि येताना दूध आणा एवढंच सांगितलं.

दिवेलागणीला सासूबाई ठणठणीत उठून बसल्या. मला रडूच फुटलं.

"आता काऊन रडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "ते मुळी नसलेलं मी तवाच चुलीत टाकलं. दांड्याले कडं होतं त्याच्या. हाताले लागलं मले."

मला आधी रागच आला. खरं सांगते, राग. दिवसभर माझा जीव टांगणीला लावला! "मग मला सांगितलं का नाही?"

"तू सांगशीन म्हनून. तुले इच्यारलं मी. मंग ताट हाती घेईलोक मी थांबली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "खाल्ल्यावरबी थांबली. दुपार गेली, तू बोलली नाईस. अन् मले उलट्या झाल्या असत्या त? डॉक्टरले काय सांगतलं असतं तू?"

मी खाली मान घालून बसले. त्यांना वाटलं, मला उत्तर सुचत नाहीये. उत्तर तयार होतं. दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी ते पक्कं करून ठेवलं होतं: म्हातारीला दिसत नाही, तिनेच साफ केल्या, तिनेच शिजवल्या.