कादरभाईंचा टूटू आणि गुलाबी दोरी

धामणगाव बढे इथल्या बाजारगल्लीत कादरभाईंचं शिलाईचं दुकान होतं. होतं म्हणजे आता नाही, आणि ते का नाही हेच सांगायचं आहे. पाटीवर पूर्वी फक्त 'लेडीज टेलर' असं होतं. एका ईदला पाटी नव्याने रंगवून घेतली तेव्हा त्यांनी पुढे 'व फॅशन' वाढवून घेतलं. 'डिझायनर' हा शब्दही घालायचा होता, पण पाटी संपली. राहिलेला शब्द ते तोंडी जोडत.

माणूस उंच, वाळलेला. गळ्यात टेप, जेवतानाही. शेतीशी संबंध असा नव्हताच. सगळा मोताळा तालुका कपाशीवर जगायचा आणि कपाशीवरच खचायचा, पण कादरभाईंना कापूस ओळखू यायचा तो फक्त ताग्यावर गुंडाळलेला. शेतातून ते गेले तर वाटेवरून गेले.

त्यांची एकच श्रद्धा होती, घेर. जगातला कोणताही कपडा घेर वाढवल्याने सुधारतो असं त्यांचं मत होतं आणि गिऱ्हाइकाचं मत त्यांनी कधी विचारलं नाही. घागऱ्याला आतून जी कडक जाळी लावतात तिला धंद्यात कॅनकॅन म्हणतात. ही कॅनकॅन त्यांच्या हाताला इतकी लागली होती की सोजराबाईंनी साधा परकर शिवायला टाकला तर त्यातही ती निघाली. सोजराबाई एस.टी.त आडव्या होऊन चढल्या आणि परत आल्यावर थेट दुकानात गेल्या.

"कादरभाई, मी तेरवीले चालली होती."

"मंग काय झालं? लोकायनं पाह्यलं तं असनच."

"पाह्यलं. मेलेल्याले सोडून मलेच पाह्यलं."

"पाहा," कादरभाई समाधानाने म्हणाले.

असं असल्यावर गिऱ्हाईक रेडिमेडकडे गेलं तर नवल नाही. मलकापूरहून पिशवी भरून फ्रॉक येऊ लागले आणि कादरभाई पिको-फॉलवर आले. त्यातच गाळ्याचे मालक गुलाबराव यांना तो गाळा हवा झाला. गुलाबरावांचं शेजारीच कृषी सेवा केंद्र होतं आणि बियाण्याचा माल ठेवायला जागा पुरत नव्हती. कादरभाई पंचवीस वर्षं त्या गाळ्यात बसलेले. तो गेला तर ते दर्जी उरतील, पण दुकानदार उरणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढ्याच गोष्टीला ते घाबरत.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात गुलाबरावांकडे बियाण्याच्या एका कंपनीचा कार्यक्रम ठरला. कंपनीचं नाव घेत नाही, वाणाचं सांगतो: 'श्वेतपरी'. आदल्या हंगामात बीटी कपाशीचा बोजवारा उडाला होता. ज्या बियाण्याला बोंडअळी शिवणारच नाही म्हणून लोकांनी रांगा लावल्या होत्या, त्याच्या प्रत्येक बोंडात गुलाबी अळी आरामात नांदत होती. शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातला. यावर कंपनीने विचार केला आणि उपाय काढला की बॅले नाच ठेवावा. गावातल्या आठ मुली, पांढरे टूटू म्हणजे बॅलेतले फुगीर जाळीचे घागरे, जणू उमललेली बोंडं. असे विचार करायला तिकडे पगारी माणसं असतात.

नाच बसवायला पुण्याच्या एक मॅडम आल्या. कपडे पुण्याहून मागवायला वेळ नव्हता. गुलाबरावांनी कादरभाईंना बोलावलं.

"टूटू शिवता येते का?"

"नाव सांगू नका, चित्र दाखवा."

मॅडमनी मोबाइलवर चित्रं दाखवली आणि सोबत इतिहासही सांगितला, कारण त्यांना कोणी तरी ऐकणारं हवंच होतं. पॅरिसमध्ये एकशेऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका नाचणारीने पायाचं काम दिसावं म्हणून घोट्याच्या वर घागरा घेतला. घंटेसारखा, ढगासारखा, खळ दिलेल्या पातळ मलमलीचा. लोक आधी बोलले आणि मग तिकिटं काढून पाहायला लागले. रंगमंचावर गॅसचे दिवे, त्यामुळे काही जणींचे घागरे पेटलेही. मग घेर वर वर सरकत गुडघ्याशी आला, पुढे कमरेभोवती थाळीसारखा आडवा झाला. मलमल गेली, नायलॉनची जाळी आली. आणि ही जाळी पॅरिसच्या मोठ्या शिंप्यांनी उचलून पार्टीच्या झग्यांखाली घातली, तिथून ती सिनेमात गेली, सिनेमातून लग्नाच्या घागऱ्यात.

कादरभाईंनी मोबाइल हातात घेऊन चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं.

"म्हंजे मी आयुष्यभर टूटूच शिवून राह्यलो," ते म्हणाले, "अन् मले कोनी सांगतलं नाही."

त्या दिवसापासून बाजारगल्लीला पॅरिसपासून सुटका नव्हती. चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तो इतिहास ऐकावा लागला. त्यात कादरभाईंनी थोडी भरही घातली: ती पहिली मलमल खामगावच्या कापसाची असणार. गाठी इथून जात होत्या, म्हणजे कुठे तरी पोचत असतीलच. कोणी पुरावा मागितला नाही, कारण मागितला असता तर तोही ऐकावा लागला असता.

गुलाबरावांनी मात्र शब्द दिला. "कार्यक्रम चांगला झाला तं गाळा तुमच्याकडंच राहीन. माल मी घरी ठेवतो. पन माही इज्जत तुमच्या जाळीत हाये, कादरभाई."

कादरभाईंनी आठ टूटू शिवले. जाळीवर जाळी, वरची मोठी, खालची आखूड, कमरेला हिरव्या पानांची पट्टी. काम खरोखर बरं होतं. पण बऱ्या कामावर कादरभाईंचं कधी भागलं नाही. चित्रातल्या नाचणारीच्या पायांत गुलाबी साटनचे बूट होते. आपल्या मुली नाचणार अनवाणी. मग तो गुलाबी रंग वाया जाऊ द्यायचा का? त्यांनी ब्लाउजच्या पाठीला असते तशी साटनची बारीक दोरी केली, गुलाबी. बोटभर लांबीचे तुकडे पाडले. आत इलॅस्टिक घातलं, म्हणजे दोरी आखडून राहील आणि मुलगी फिरली की वळवळेल. ते तुकडे त्यांनी जाळीच्या थरांत आतून टाचले. उभं असताना काही दिसू नये, गिरकी घेतली की पांढऱ्यातून गुलाबी डोकावावं.

तालमीत मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "किती गोड." कंपनीच्या साहेबांनी पाहिलं आणि फोनवर बोलत मान हलवली. गुलाबरावांनीही पाहिलं. पंधरा वर्षं कपाशीचं बियाणं विकणाऱ्या या माणसाने बोंड पाहिलेलं होतं ते पाकिटावर, आणि पाकिटावरचं बोंड कधी किडत नाही. तर अशा तिघा जाणकारांनी पास केलेला माल मंगल कार्यालयाच्या स्टेजवर गेला.

कार्यालय भरलेलं होतं. कंपनीने जेवण ठेवलं होतं, म्हणून भरलेलं होतं. पुढच्या रांगेत रंगराव बसले होते. त्यांनी जानेवारीत आपली सगळी कपाशी उपटून बांधावर टाकली होती. पडदा सरकला. आठ मुली गुडघे वाकवून बसलेल्या, मधोमध धम्मशीला, तिसरीतली, सगळ्यांत चपळ. बासरी सुरू झाली. बोंडं हळूहळू उठली, उमलली आणि फिरू लागली.

पहिल्या गिरकीला कार्यालय शांत झालं. दुसऱ्या गिरकीला रंगराव शेजाऱ्याला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "अळी बरोबर काढली हो."

मागच्या रांगेपर्यंत ते गेलं. प्रत्येक फुललेल्या पांढऱ्या बोंडात तीन-चार गुलाबी अळ्या वळवळत होत्या. आखडून, सैल होऊन, पुन्हा आखडून. शेतकऱ्यांनी ते सबंध हिवाळाभर हातावर घेऊन पाहिलं होतं. हसू आधी दबकत आलं. तेवढ्यात निवेदकाने माइकवर लिहून दिलेलं वाक्य म्हटलं:

"सांगा शेतकरी बंधूंनो, श्वेतपरीच्या पोटात काय?"

उत्तर 'सोनं' असं ठरलेलं होतं. कार्यालयाने एका सुरात सांगितलं, "अळी."

मग कोणी थांबेना. आदल्या साली पंचनाम्याच्या फेऱ्या मारताना जी माणसं हसायची विसरली होती ती खुर्च्यांवरून घसरत होती. 'पुन्हा एकदा'चा गजर झाला. आपण फार आवडलो असं समजून धम्मशीलाने आणखी जोरात गिरकी घेतली, बाकीच्या तिच्या मागे. अळ्या बाहेर आल्या. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटलं वाण चालला.

कादरभाई दाराशी उभे होते. टाळ्या त्यांनीही स्वतःसाठीच घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव गाळ्यात आले. साहेबांना रात्रीतून कोणी तरी अर्थ समजावला होता.

"काऊन केलं बे असं? कोनी शिकवलं?"

"पॅरिसनं," कादरभाई म्हणाले.

"पुढच्या हप्त्यात दुसरबीडले हाच नाच हाये. दोऱ्या उसवून टाका. अन् तिथं माइकवर सांगा का चूक झाली म्हनून. मी गाळ्याचं पाहतो."

कादरभाईंनी एक टूटू खिळ्यावरून काढला, हातावर फिरवला. त्यांना गाळा हवा होता. हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"दोरी काढली तं टूटू राहत नाही, गुलाबराव. मच्छरदानी राहते."

"अन् दोरी ठेवली तं गाळा राहत नाही."

"अळी नाही हाये ते. फॅशन हाये."

"मले समजते. लोकायले सांगा."

"लोकायले मी माफी मागू कायची? घेर कमी पडला का कुठं?"

आठ दिवसांत मशीन हातगाडीवरून घरी गेली. दुसरबीडला मुली साध्या पांढऱ्या फ्रॉकात नाचल्या, असं ऐकतो. कोणी हसलं नाही. कोणी पाहिलंही नाही; जेवण आधी वाढलं होतं.

इकडे कादरभाई पुढारी झाले. कंपनीच्या तोंडावर अळी नाचवणारा वाघ, असं बोललं जाऊ लागलं. एक बातमीदार आला. कादरभाईंनी त्याला सलग तासभर जाळीची टाचणी समजावली. छापून आलं ते 'शिलाईयंत्रातून संतापाचा उद्रेक'. टाचणीचा उल्लेख नव्हता. मग शेतकऱ्यांच्या एका संघटनेने शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. कादरभाई पॅरिसपासून सुरू झाले. गॅसच्या दिव्यांपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, नायलॉन येईपर्यंत सत्कार करणारेही चहाला गेले. शेवटी रंगराव एकटे उरले, कारण शाल त्यांची होती आणि ती परत न्यायची होती.

पण मुलींनी मात्र वेगळंच धरलं. धम्मशीलाने कादरभाईंकडून आपला टूटू मागून नेऊन एका वाढदिवसाला घातला आणि पोळ्यापर्यंत गावात हट्टांची साथ आली. मलकापूरच्या फ्रॉकात दोरी नव्हती. बाया कादरभाईंच्या ओसरीवर येऊ लागल्या. मागणी एकच, अळीचा फ्रॉक. पुढे शेजारच्या गावांतल्या लग्नांतही तो दिसू लागला. ज्यांच्या शेतातून अळी गेली नव्हती त्यांनी ती हौसेने लेकींच्या अंगावर घातली.

दिवाळीच्या आधी सिंधूताई आल्या, गुलाबरावांच्या पत्नी, मागच्या बोळातून. सोबत नात.

"कादरभाऊ, हिले पाह्यजे तो. अळीचा."

कादरभाईंनी टेप गळ्यातून काढला नाही. "टूटू म्हना. मंग माप घेतो."

सिंधूताईंनी बोळात पुढे-मागे पाहिलं. "टूटू," त्या म्हणाल्या. मग माप चालू असताना हळूच बोलल्या, "गाळा श्वेतपरीच्या पाकिटायनंच भरून राह्यला. कोनी घेत नाही. तुम्ही एक डाव यायच्याशी बोलसान, दोऱ्यायचं चुकलं म्हनसान, तं खाली करून देतीन ते."

कादरभाईंनी नातीला हाताने गोल फिरवलं, कमरेचं माप दोन बोटं सैल धरलं.

"राहू द्या, वयनी," ते म्हणाले. "गाळ्यात घेर मावत नव्हता."