एका बाहीचे गाऊन

त्यांना सगळी गल्ली ‘उद्यामास्टर’ म्हणायची. शिलाई अशी की कपडा उलटा घातला तरी कुणाला कळू नये; पण न्यायला कुणी आलं की मास्टर मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, “उद्या या.” एकाने स्वतःच्या लग्नासाठी शिवायला टाकलेल्या कोटाची ट्रायल कडेवर मुलगी घेऊन दिली होती.

बायकोलाही ते तेच सांगत. जिन्याच्या दाराची काच फुटून तिचा उजवा हात कोपराखाली चिरला होता. टाके निघाले, जखम भरली. व्रण तर इतका सुबक, की मास्टर सर्जनवर खूश! “हात बसलाय हो गड्याचा!” पण त्या जागी कापड लागलं की ती कळवळायची.

“अहो, गाऊनची उजवी बाही तेवढी कापून द्या ना.”

“उद्या देतो.”

खरं म्हणजे मास्टरांना लाज वाटत होती. शिंप्याची बायको एका बाहीने हिंडली तर लोक म्हणतील, मास्टरांचं कापड कमी पडलं! आणि जखम भरल्यावर दुखतंय काय? शिवण उसवली तर दिसते; इथे दोरासुद्धा हललेला नव्हता.

शेवटी मोठ्या दवाखान्यात, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेपाशी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात हात निजला. मास्टरांनी पिशवीतून तिचा आवडता निळा कोट काढला आणि हळूच बाही चढवली. ती डाव्या हाताने बाहीवरून हात फिरवत राहिली. हसली, डोळे भरले.

“अहो, लागतच नाहीये!”

“बघ! मी म्हणत नव्हतो? सगळे मनाचे खेळ!” मास्टरांना आनंद मावेना. “इतके महिने उगाच घर डोक्यावर घेतलंस!”

तिचं हसू तिथेच थांबलं. बोलल्या त्या डॉक्टरीणबाई.

“मास्टर, भुलीने दुखणं थांबलं म्हणजे ते खोटं होतं असं नव्हे. आतली नस दुखावलीय. कातडी भरली तरी ती मेंदूकडे ओरडतेच आहे. मेंदूत ओरडा वाढवणारी रसायनं असतात, तशी गप्प बसवणारीही असतात. रोजच्या ओरड्याने पहिली माजतात, दुसरी दमतात. मग साधं कापड लागलं तरी मेंदूला चटका बसल्यासारखं वाटतं. आज नसेचा आवाज आम्ही घटकाभर अडवला, मेंदूला जरा उसंत दिली. अशी उसंत पुन्हा पुन्हा मिळाली की काहींचं दुखणं उतरतं. काहींचं नाही उतरत.”

“म्हणजे... खरंच दुखायचं?”

“तुमचं मशीन पायडल न मारता आपोआप चालायला लागलं आणि सुई बोटात घुसली, तर लागणार नाही का?”

मास्टरांनी नकळत बोट मुठीत धरलं.

संध्याकाळी औषध उतरलं. मास्टर शेजारच्याच खोलीत होते, पण तिने खिडकीतून हाक मारली ती समोरच्या घरातल्या काकूंना. “काकू, जरा हा कोट काढायला येता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टरांनी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारले, कात्री घेतली आणि कपाट उघडलं. तळाशी गाऊनांची घडी होती. सगळ्यांच्या उजव्या बाह्या आधीच कापलेल्या; भाजीच्या सुरीने कापल्यासारख्या वेड्यावाकड्या, डाव्या हाताने घातलेले टाके तिरपे पळालेले.

“हे कधी घालतेस?”

“तुम्ही खाली दुकानात गेलात की,” ती सहज म्हणाली. “जिन्यावर तुमची पावलं वाजली की बाहीवाला चढवते. तुम्हाला लाज वाटते ना.”

म्हणजे रोज दुपारी मास्टर जेवायला वर यायचे, ते तिच्यासाठी चटका घेऊनच यायचे.

“दे इकडे, टाके सरळ करून देतो. आत्ता देतो.”

“असू द्यात. सवय झालीय मला यांची.”

ती रागावून बोलली असती तर मास्टरांना बरं वाटलं असतं.

इंजेक्शनं चालू आहेत; हात थोडा निवलाय म्हणते. मास्टर आता दुपारी पहिल्या पायरीवरूनच ओरडतात, “अगं, मीच आहे! बदलू नकोस, आहे तोच असू दे!”

तरी वर कपाटाचं दार करकरतं. मग दातांतून ओढून घेतलेला एक श्वास ऐकू येतो. मास्टर दारात पोचतात तेव्हा ती ताट घेऊन उभी असते, दोन्ही बाह्यांच्या गाऊनमध्ये.